गाडी वाढलीय, वहिनी

अनुजाचा पाय चुकला. रोजच्या सवयीने तिने तो न बघताच उचलला होता. कडेवर कादंबरी, खांद्याला कादंबरीची हत्तीची पिशवी, दातांत तिचा रुमाल. गाडीचं मागचं दार उघडलं, पाय उचलला, आणि तो जिथे टेकायला हवा होता तिथे टेकलाच नाही. नडगी दाराखालच्या पत्र्यावर सणसणीत आपटली. दातांतला रुमाल खाली पडला. कादंबरीला हा नवा खेळ वाटला. "आई, परत," ती म्हणाली. अनुजा एका पायावर उभी राहून नडगी चोळत राहिली, पण त्या कळेपेक्षा तिला भलतंच काहीतरी जाणवत होतं. आपण बुटक्या झालो. कुणी हळूच कानात सांगून जावं इतकं ते स्पष्ट होतं. आणि तसं वाटायला काही हरकतही नव्हती. कादंबरी झाल्यापासून या शरीराने तिला न विचारता बरेच फेरफार केले होते. पाऊल मोठं झालं होतं, लग्नातल्या चपलांतून आता टाचा मागे बाहेर येत. केस गळून पुन्हा आले ते वेगळ्याच जातीचे, राठ. शिंक येते असं वाटलं की पाय आवळून घ्यावे लागत. मग उंचीनेच काय घोडं मारलं होतं? गेली असेल तीही थोडी. कुणाच्या लक्षात आली नसेल एवढंच.

"लागलं काय?" टॉवरच्या पार्किंगमधली, गाड्या एकावर एक रचणारी मशीन चालवणारा गणपत बटणांच्या पेटीपासून ओरडला. मग जवळ येऊन त्याने रुमाल उचलून दिला आणि चाकाकडे बघत म्हणाला, "गाडी वाढलीय, वहिनी. तुम्हाला बोलले नाय काय साहेब? मी त्यांना म्हटलं, आता अजून वाढवू नका. ट्रेत बसायची नाय. वरची गाडी तिच्या डोक्यावर बसेल."

गाडी वाढलीय. जणू घरातलं मूल. अनुजाने कादंबरीला तिच्या सीटमध्ये बांधलं, पुढे येऊन, या वेळी बघून, पाय वर घेतला आणि स्टिअरिंगमागे बसली. शेजारच्या सीटवर, म्हणजे नवरा, गौतम, चालवत असला की जी तिची असते त्या सीटवर, केशरी पट्ट्याचं जाडजूड वेटोळं होतं. फसलेली गाडी ओढायचा पट्टा. त्याच्या कुशीत हवा भरायचा पंप, आणि पायांपाशी घडीचं फावडं. एखादा पाहुणा ऐसपैस बसावा तसे ते सगळे बसले होते. तिने पर्स मांडीवरच ठेवली.

करी रोडवरून माटुंग्याला कादंबरीच्या शाळेत जाईपर्यंत सगळं तेच होतं, तरी काहीच जागच्या जागी नव्हतं. पुढच्या टॅक्सीचं छप्पर दिसत होतं. छपरावर कुणाचं तरी चड्डीबनियन वाळत घातल्यासारखं पडलं होतं, ते कदाचित रोजच असेल. परळच्या पुलाच्या कठड्याबाहेरचं एरवी न दिसणारं एक गच्चीवरचं कुंडीतलं पपईचं झाड दिसलं. चार बोटांनी माणूस वर उचलला गेला तर इतकं वेगळं दिसतं? ती वर होती की खाली, तेच तिला धड कळेना. मघाशी बुटकी झाले होते, आता उंच झालेय. शरीराला कितीतरी उंच्या पाठ असतात आणि त्या कधीच तपासाव्या लागत नाहीत. गिरगावच्या माहेरच्या जिन्याची ती एक ठेंगणी पायरी, अंधारातही तिथे पाय आपोआप आखडता येई. ओट्याची उंची. पाळण्याची. लालबागच्या सासरच्या खोलीतल्या लोखंडी खाटेची. लग्न ठरल्यावर ती पहिल्यांदा त्या खोलीत गेली तेव्हा तिला त्या खाटेवर बसवलं होतं. सासरे, दौलतराव, त्यांची खाट. डोक्याकडच्या गजांत लोखंडाचं पाच पाकळ्यांचं एक फूल, त्यातली एक पाकळी वाकलेली. सगळे जमिनीवर बसले, सासूबाई दाराला टेकून उभ्याच राहिल्या, आणि ही एकटी खाटेवर, हातात पोह्यांची बशी. "आई, तुम्ही बसा ना इथे," ती म्हणाली होती. शेवंतीबाई नुसत्या हसल्या. "बस गो तू. माका सवय नाय." पुढे गौतमने सांगितलं की आई त्या खाटेवर कधी बसलेली त्याने पाहिलीच नाही. बाबा पाळीवरून येऊन खाटेवर झोपत. आई आणि मुलं खाली, जागा पुरायची नाही म्हणून डोकी खाटेच्या खाली सरकवून. "आमचं आकाश म्हणजे खाटेच्या पट्ट्या," तो हसत म्हणाला होता, आणि तेव्हा तिला तो फार आवडला होता.

"आई, आपण ट्रक आहोत?" कादंबरीने मागून विचारलं.

"नाही ग राणी."

"मग काय आहोत?"

शाळा आली.

संध्याकाळी गौतम आला तेव्हा तिने कणीक मळता मळता पाय पुढे करून दाखवला. नडगीवर वांग्याच्या रंगाचा डाग उमटला होता.

"हे काय?"

"तुझ्या गाडीने मारलं."

"अरे." तो खाली वाकला, डागावर बोट ठेवलं, आणि तिला दिसलं की त्याला हसू येतंय. "म्हणजे फरक कळतो."

"माझ्या नडगीला कळला. मला सांगणार कधी होतास?"

"सांगणार होतो. म्हटलं, आधी होऊ दे. स्प्रिंगांखाली नुसते स्पेसर टाकलेत ग, जाड चकत्या असतात. आणि ते टायर. आमच्या ग्रुपमधल्या एकाने नवे घेतले, त्याचे जुने मला दिले. खडी, चिखल, सगळीकडे धरतात."

"आपल्याकडे कुठे चिखल आहे?"

"इथे नाही."

"मग?"

"खालून लागायची यार गाडी. आवाज यायचा. जीव वरखाली व्हायचा."

"कुठे? करी रोडच्या पुलावर?"

"सगळीकडेच," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. नळाच्या आवाजात आणखी काहीतरी बोलला, ते ऐकू आलं नाही. आणि तिने परत विचारलं नाही. हे गेल्या वर्षभरात असंच चाललं होतं. विचारण्यासारखं काही निघालं की कुकरची शिट्टी होई, कादंबरीला शू लागे, नळ सुटे. गौतम विमा कंपनीत होता. दिवसभर त्याच्यासमोर मोडलेल्या गाड्यांचे फोटो येत. चेपलेली दारं, फुटलेल्या काचा, पुरात बुडालेली इंजिनं. ते बघून दावा खरा की खोटा हे त्याने ठरवायचं. घरी आला की तो मोबाइलवर न मोडलेल्या गाड्या बघे. त्या नदीत उतरत, दगडांवर चढत, एक चाक हवेत ठेवून क्षणभर विचार करत आणि मग पलीकडे जात. सुरुवातीला ती पण बघायची. मग तिच्या लक्षात आलं की त्या गाड्यांत नेहमी एकच माणूस असतो. शेजारी कुणी नसतं. मागे लहान मुलाची सीट नसते. कुणाला ओकारी येत नाही. कधी कधी तर चालवणाराही दिसत नाही, गाडी आपली आपणच चढत असते.

ही गाडी तशी दौलतरावांची. जुनी, छोटी एसयूव्ही; दिसायला दांडगी, जोर फक्त पुढच्या दोन चाकांना. निवृत्तीनंतर त्यांनी घेतली, आणि दर गणपतीला गावी नेली. तिच्या खाली जाड पत्रा बसवायचा, कुर्ल्याच्या फॅब्रिकेटरकडे भंगारातले भाग जुळवायचे, नवं काही घ्यायचं नाही, जे आहे त्यातून करायचं, असं गौतमचं चाललं होतं. नवीन गाडीचं नाव काढलं की तो म्हणे, "ही काय वाईट आहे?" आणि तरीही तो तिला जुनीच राहू देत नव्हता. अनुजाला हे उलगडत नव्हतं. एखादी वस्तू आवडते म्हणून जपायची, की आवडत नाही म्हणून बदलायची? आणि दोन्ही एकाच वेळी होत असेल, तर माणसांच्या बाबतीतही होत असेल का? कादंबरी दुपारी झोपली की तिच्या मुठीतलं आपलं बोट सोडवून न घेता ती तशीच आडवी पडे आणि डोक्यात ते केशरी वेटोळं येई. आपल्या जागेवर बसलेलं. तो जायची तयारी करतोय. कुठे ते त्यालाही माहीत नसेल. पण जायची तयारी अशीच होत असणार, पत्रा पत्रा करून, कुणाला न दुखवता. आणि ज्या दिवशी गाडी पुरेशी उंच होईल, त्या दिवशी आपला आणि हिचा पाय तिच्यापर्यंत पोचणार नाही. एवढं साधं असेल. मुठीत बोट गरम होई. मग तिला स्वतःची लाज वाटे. नवरा चार चकत्या टाकतो, आणि आपण त्याला घरातून घालवून मोकळ्या.

धाकट्या बहिणीला, ऋग्वेदाला, तिने फोनवर अर्धंच सांगितलं. ऋग्वेदा खिदळली. "ताई, भावोजींना चाळिशी लवकर लागली. बरं झालं गाडीवर निभावलं. आमच्या ऑफिसमधल्या एकाने ड्रमसेट आणलाय, त्याची बायको माहेरी गेली."

"मागे बसायला जागा आहे ना, एवढंच मी बघते."

"म्हणजे?"

"काही नाही ग. कादू उठली."

कादू उठली नव्हती.

दौलतराव गेले ते त्या खाटेवरच. चाळ पडली, टॉवर उभा राहिला, सगळ्यांनी नवे पलंग आणले, पण ते खाट घेऊनच वर आले. हॉलच्या मधोमध ती विचित्र दिसे आणि कुणी काही बोलत नसे. ते गेल्यावर रीतीप्रमाणे अंथरूण-पांघरूण टाकून दिलं आणि खाट कुणाला तरी द्यायची म्हणून गौतम खाली घेऊन गेला. लिफ्टमध्ये ती मावली नाही. एवढ्या मजल्यांवरून त्याने ती जिन्याने उतरवली, एकट्याने, कुणाला हात लावू दिला नाही. वर आला तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. "कोणाक दिलंस?" शेवंतीबाईंनी विचारलं. "होता एक गरजू," तो म्हणाला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या हॉलमधून जाताना खाटेच्या जागेला वळसा घालून जात. त्यांचे गुडघे तेव्हापासूनच धरले. गावचं नाव त्यांनी काढलं नाही. गावी मोठा रस्ता दुकानापाशी संपतो. पुढे व्हाळ, म्हणजे ओढा, आणि मग जांभ्या दगडाची घाटी, तिच्या माथ्यावर घर. दौलतराव दुकानापाशी गाडी लावून, काठी टेकत, दर दहा पावलांवर थांबून वर जात आणि थांबण्याचं कारण म्हणून प्रत्येक वेळी एखादं झाड दाखवत.

रविवारी सकाळीच गौतम कुर्ल्याला गेला आणि दुपार कलायच्या सुमारास त्याचा फोन आला. "खाली या. आईलाही आण. कादूला पण. दाखवायचंय काहीतरी." त्याचा आवाज शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या मुलासारखा होता. झाली वाटतं पुरेशी उंच, असं अनुजाच्या मनात आलं.

शेवंतीबाईंनी नारळ घेतला. गाडीला काही नवीन केलं म्हणजे नारळ हवाच. खाली कंपाउंडमध्ये गाडी मशीनच्या बाहेरच उभी होती. छपरावर काळा कुळकुळीत कॅरियर बसवलेला, आणि त्यावर तो पट्टा, तो पंप, ते फावडं बांधलेलं. अनुजाने आधी आत वाकून पाहिलं. तिची सीट रिकामी होती. झाडून पुसून स्वच्छ केलेली. तिला काय वाटलं ते तिला सांगता आलं नसतं. बरं वाटलं, आणि लगेच, रिकामी आहे म्हणून बरं वाटावं इथवर आपली मजल गेलीय, याचं वाईट वाटलं.

"साहेब, हे टोपलं घेऊन आत नाय जायची हां," गणपत म्हणाला. "सेन्सर बोंबलतो. मागच्या आठवड्याला बोललो होतो मी."

"काढता येतं रे. नटबोल्ट आहेत फक्त." गौतमने पुढचं दार उघडलं. "आई, बस. बस आणि सांग कसं वाटतं."

शेवंतीबाईंनी नारळ अनुजाच्या हातात दिला. दाराला धरलं, उजवा पाय उचलला. तो अर्ध्यावर थांबला. खाली ठेवून त्यांनी डावा उचलला. तो तर तेवढाही गेला नाही. गौतमने त्यांच्या काखेत हात घातला.

"सोड रे. पोतां चढवतंस काय?"

"स्टूल आणू, मावशी?" गणपत म्हणाला. "माझं आहे, प्लास्टिकचं."

"नको बाबा. तेच्यारसून पडान कंबर मोडली तर हॉस्पिटलात ह्याच गाडीतसून न्हेवक लागात, आणि मी काय चढाचंय नाय."

गणपत हसला, अनुजालाही हसू आलं, आणि मग तिने गौतमकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता. ओढ्याचे दगड, घाटीचा चढ, गाडीच्या पोटाखालचं अंतर, सगळं त्याने मापलं असेल. आईचा गुडघा मापायचा राहून गेला होता.

"तुझ्यासाठीच केली ग," तो म्हणाला. "गावाला न्यायची होती तुला. व्हाळ ओलांडून, घाटी चढून, थेट घरापुढच्या खळ्यात नेऊन उभी करायची. बाबांना चालत जायला लागायचं ना."

अनुजा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हे वाक्य तो इतके महिने पोटात घेऊन हिंडत होता, की आत्ता, आई अशी दाराला धरून खाली राहिलेली बघून, त्याला ते सापडलं? बोलून झाल्यावर तो स्वतःच जरा चकित झाल्यासारखा दिसत होता. पण खूप दिवस दडवलेली गोष्ट बाहेर आली तरी माणूस तसाच दिसत असेल. विचारावं का? आणि तो म्हणाला, माहीत नाही, तर? पहिल्यांदाच तिला वाटलं की त्याला खरोखरच माहीत नसेल, आणि त्यात तिच्याविरुद्ध काही नसेल.

शेवंतीबाई मात्र वर बघत होत्या. छपराकडे.

"ह्या काय?"

"कॅरियर. सामान ठेवायला."

"ता नाय विचारूक. ह्या फूल."

अनुजानेही तेव्हाच पाहिलं. कॅरियरच्या पुढच्या गजांत, ताज्या काळ्या रंगाखाली, पाच पाकळ्यांचं लोखंडी फूल. एक पाकळी वाकलेली.

"कोण एक गरजू होतो म्हणान सांगलंस," शेवंतीबाई सावकाश म्हणाल्या. "तो गरजू तूच काय रे, झिला?"

गौतमने बुटांकडे बघत मान हलवली.

"पाय कापलंस तिचे?"

"थोडेच, आई. छपराला बसायला हवेत म्हणून. पाइप चांगला होता. आता मिळत नाही असा. मला टाकवेना."

"मगे तसां सांगूचां." त्यांनी पदर खोचला. "उतरव."

"आता? अगं आत्ताच बसवलाय."

"उतरव म्हणतंय ना."

त्याने पाने आणले. सामान खाली आलं, नटबोल्ट निघाले. मागे एक गाडी येऊन थांबली, आणि तिच्यातून तळमजल्यावरच्या वैभवने डोकं बाहेर काढलं. "काय गौतमभाई, घर हलवताय काय?" गणपतने त्याला हातानेच गप्प केलं. गौतम आणि गणपत, दोघांनी मिळून ती खाली घेतली आणि पुढच्या दाराला लागून जमिनीवर ठेवली. ठेवताच तिची पुन्हा खाट झाली. बुटकी, नडगीएवढी, पण खाटच. जेवढी गाडी वाढली होती तेवढीच जणू ती कमी झाली होती. कादंबरी धावत जाऊन तिच्यावर चढली आणि उड्या मारायला लागली. शेवंतीबाईंनी तिला उतरवलं नाही, जरा सरकवलं. चपला काढल्या. खाटेच्या लोखंडी पट्ट्यांवर पाय ठेवणार तोच थांबल्या.

"मी कधी बसूक नाय हेच्यार," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पाय कसो देव?"

मग त्या वळल्या आणि खाटेवर बसल्या. मशीनच्या पिवळ्या खांबांसमोर, एकावर एक रचलेल्या गाड्यांच्या खाली, वैभवच्या देखत. हात पट्ट्यांवरून फिरवला. ते फूल आता त्यांच्या पाठीशी होतं. वैभवने इंजिन बंद केलं. अनुजाच्या हातातल्या नारळाची शेंडी तिच्या बोटांना टोचत होती, आणि तिला त्या पोह्यांच्या बशीची आठवण येत होती, आणि तेव्हा या खाटेवर बसवून आपल्याला केवढा मान दिला होता ते आपल्याला कळलंच नव्हतं.

शेवंतीबाईंनी फुलाला हात लावून तो कपाळाला लावला. खाटेवर उभ्या राहिल्या. एक हात छपराला, एक गौतमच्या खांद्यावर, आणि एका पावलात गाडीत गेल्या. अनुजाच्या रिकाम्या सीटवर. पदर सावरला, समोर बघितलं.

"उंच आसा," त्या म्हणाल्या.

"आवडली?" गौतमने विचारलं. "पण म्हणजे, दर वेळी हे काढायचं आणि घालायचं? चढताना काढा, मग वर बांधा, उतरताना परत..."

"मगे? बापाशीची खाट हा. तुका दुसरां काय काम आसा?"

गणपत हसत सुटला. गौतम पान्याने मान खाजवत उभा राहिला. आणि तेवढ्यात शेवंतीबाईंनी काचेतून मान वळवली. "गो अनु, तू भायर कशाक उभी? नारळ मागसून फोडू. ये बस."

"कुठे जायचंय?"

"माका काय ठावक. ह्येका इचार."

तिने गौतमकडे बघितलं. त्याने तिच्याकडे. "आत्ता तर..." तो म्हणाला, "आत्ता नुसती पुलापर्यंत. नाहीतर, बघू." त्याच्या कपाळावर काळा रंग लागला होता. तो तिने पुसला नाही. खाट एका टोकाला धरून त्याने ती ओढत मागच्या दाराशी आणली आणि दार उघडून बाजूला झाला. आत कादंबरीची सीट, आणि तिच्या शेजारी एक जागा. पुढची नव्हे. तिला कळेना, हीच आपली होती की आता झाली. नारळ गौतमच्या हातात देऊन, चपला काढून तिने कादंबरीला कडेवर घेतलं, रुमाल दातांत धरला, आणि न बघता डावा पाय उचलला.

लोखंड उन्हाने जरासं तापलेलं होतं. पाय टेकला.